हर्लिंग: १८९० चं विजेतेपद कॉर्कचं की नाही? ऑफिसात भांडण पेटलंय

मिहान_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न आपल्या मातीतल्या खेळाचा नाही, पण या कट्ट्यावर जुने पंच आहेत म्हणून विचारून राहिलो.

मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, अर्धी टीम आयर्लंडमध्ये बसते. टीम लीड कॉर्क जिल्ह्याचा, दुसरा एक पोरगा टिपेररी जिल्ह्याचा. दोघंही हर्लिंगचे वेडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ, एका बाजूला पंधरा जण, चेंडू हवेत उडवूनही मारता येतो, हातातही घेता येतो. आडव्या दांडीच्या वरून मारला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात घातला तर गोल, म्हणजे तीन. गुण लिहिताना आधी गोल, मग पॉइंट. उदाहरणार्थ २-५ म्हणजे एकूण अकरा.

२०२५ च्या जुलैमधल्या आंतरजिल्हा अजिंक्यपदाच्या फायनलला टिपेररीने कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असं धुतलं. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होतं आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यांना सगळे मिळून दोन पॉइंट मिळाले. तेव्हापासून लीडसमोर हा विषय काढायचा नाही असं ठरलेलं होतं. टिपेररीवाल्याने मात्र परवा ग्रुपवर टाकलं, "२९–२९, बरोबरी."

विजेतेपदांच्या यादीत पाहिलं तर २०२५ पर्यंत किलकेनी ३६, कॉर्क ३०, टिपेररी २९. म्हणजे पठ्ठ्या कॉर्कचं एक विजेतेपद मोजतच नाही. कोणतं, तर १८९० चं. म्हणे "ते बैठकीत जिंकलेलं आहे, मैदानात नाही."

मी तो निकाल शोधला. कॉर्क १-६, वेक्सफर्ड २-२. हिशेब केला: कॉर्क तीन अधिक सहा नऊ, वेक्सफर्ड सहा अधिक दोन आठ. कॉर्क एका गुणाने जिंकलं की! मग भांडण कशाचं?

दोघांनी मला तटस्थ पंच नेमलंय, कारण माझ्या देशात हा खेळच नाही. हरणारा नागपूरला आला की सावजी रस्सा पाण्याशिवाय खाणार अशी पैज आहे. जरा मदत करा.

प्रश्नमंजूषा_धरमपेठ

यात विचारायचं काय आहे? अधिकृत यादीत कॉर्क आहे, म्हणजे कॉर्क. क्विझमध्ये हेच उत्तर धरतात. उलट बोनस गुण हवा असेल तर लीडला सांगा, १८९० ला कॉर्कने हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल दोन्ही जिंकलं होतं. फुटबॉलची फायनल मात्र १८९२ च्या जूनमध्ये उरकली. तेव्हा मोसम असे पुढच्या पुढच्या वर्षात सांडायचे.

निवृत्त_शिट्टी

मिहान, तुझ्या हिशेबात एक गोम आहे. तू १८९० चा सामना आजच्या नियमाने मोजतोयस.

मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली आणि कबड्डी-खोखोला शिट्टी वाजवली. भाचा डब्लिनला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा बाकी सगळे किल्ले आणि समुद्र बघायला गेले, मी क्रोक पार्क या हर्लिंगच्या मोठ्या मैदानाच्या संग्रहालयात बसून राहिलो. बायकोने अजून माफ केलेलं नाही. पण तिथून जे डोक्यात बसलं ते इथे कामाला येतंय.

गोलची किंमत दोनदा बदलली. आधी नियम असा होता की गोल हा कितीही पॉइंटांना भारी. म्हणजे तुझे वीस पॉइंट आणि माझा एक गोल, तर मी जिंकलो. पॉइंट फक्त गोल सारखे असले तरच बघायचे. १८९२ ला ठरलं की गोल म्हणजे पाच पॉइंट. १८९६ ला तीन केले, ते आजतागायत.

आता हाच निकाल तिन्ही नियमांतून काढ. १८९० चा, म्हणजे त्या दिवशी मैदानावर लागू असलेला नियम: वेक्सफर्डचे दोन गोल, कॉर्कचा एक. वेक्सफर्ड पुढे, कॉर्कच्या सहा पॉइंटांना काही अर्थ नाही. दोन वर्षांनी आलेला पाचाचा नियम: कॉर्क अकरा, वेक्सफर्ड बारा. तरीही वेक्सफर्ड पुढे. फक्त तिसऱ्या, १८९६ च्या नियमाने कॉर्क नऊ-आठ होतं. तेव्हा तुझ्या लीडने नऊ-आठ हा आकडा तोंडातून काढायचा नाही. तो त्या मैदानावर कुणाच्या डोक्यातही नव्हता.

मग कॉर्क विजेता कसा? सामना पूर्ण झालाच नाही. १६ नोव्हेंबर १८९०, डब्लिनचं क्लोनटर्क पार्क. वेक्सफर्डकडून खेळत होता कॅसलब्रिजचा संघ, कॉर्ककडून आगाबुलोग. तेव्हा जिल्ह्यातला विजेता क्लबच जिल्ह्याच्या नावाने उतरायचा, निवड चाचणी वगैरे भानगड नव्हती. आगाबुलोग म्हणजे कॉर्कमधलं एक खेडं. वेक्सफर्डवाले फार आडदांडपणा करतायत म्हणून कॉर्कचा कर्णधार डॅन लेन याने आपली पोरं मैदानाबाहेर नेली. प्रकरण हा खेळ चालवणाऱ्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या मध्यवर्ती समितीकडे गेलं, आणि समितीने विजेतेपद कॉर्कला दिलं. १-६, २-२ हा खेळ थांबला तेव्हाचा आकडा आहे.

आडदांडपणा म्हणजे किती, याचा अंदाज घ्यायचा तर डोळ्यांपुढे आण: तेव्हा एका बाजूला एकवीस जण असायचे. बेचाळीस माणसं, बेचाळीस काठ्या, डोक्यावर काही नाही. (हेल्मेटची सक्ती २०१० पासून आहे.) मला कबड्डीत चौदा माणसांवर नजर ठेवताना घाम फुटायचा.

थोडक्यात, टिपेररीचा पोरगा "बैठकीत जिंकलं" म्हणतो ते खरं आहे. त्यावरून तो जो आकडा काढतो, तो खोटा आहे. अजिंक्यपद असोसिएशन देते. असोसिएशनने दिलं, यादीत चढलं, तीसच्या तीस मोजायचे.

पोट्टा_महालचा

थांबा थांबा. म्हणजे जो मैदान सोडून गेला त्यालेच कप देल्ला? काऊन बे? आमच्या चिटणीस पार्कात असं झालं असतं तं पोट्ट्यायनं मांडव पाडला असता. मास्तर, तुमीच सांगा, कबड्डीत मैदान सोडलं तं सामना गेला ना?

निवृत्त_शिट्टी

गेला. आपल्याकडे सरळ आहे, पंचाने सांगूनही संघ परत आला नाही तर समोरचा विजयी. म्हणूनच १८९० चा निर्णय मला आधी पटला नव्हता.

पण एक प्रसंग सांगतो. काटोलकडचं एक गाव, नाव नाही घेत. पोळ्यानंतरची स्पर्धा, रात्रीची फायनल, हॅलोजनखाली किड्यांचा पाऊस. यजमान गावाचा एक डावा कोपरारक्षक दर चढाईला समोरच्याच्या घोट्यावर मुद्दाम गुडघा टाकत होता. मी दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा समोरचा पोरगा उठेचना. पाहुण्यांचा कर्णधार शांतपणे आला, मला नमस्कार केला आणि संघ घेऊन टेम्पोत जाऊन बसला. शिवी नाही, धक्काबुक्की नाही.

नियमाने मी यजमानांना विजयी घोषित केलं. दुसरं काही करताच आलं नसतं. पण मग शाळेच्या वर्गात आयोजकांची बैठक बसली, प्रोटेस्टची फी टेबलावर, माझा अहवाल मागवला. मी जे घडलं ते सगळं लिहिलं, गुडघ्यासकट. मध्यरात्र उलटली तरी निकाल लागेना. एक म्हातारे सभासद म्हणाले, जो मार खाऊन निघून गेला त्याला हरलेला म्हणायचं, तर पुढच्या वर्षी सगळे गुडघेच टाकतील. शेवटी कप यजमानांकडेच राहिला. पण पाहुण्यांच्या गावी व्यायामशाळेत जो फलक आहे, त्यावर त्या वर्षापुढे "विजेते" असंच रंगवलंय. मी स्वतः पाहिलंय. कुणी पुसत नाही.

डब्लिनच्या समितीने त्या म्हाताऱ्यासारखा विचार केला असावा, हा आपला माझा अंदाज. संघटना उणीपुरी सहा वर्षांची होती, १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्सच्या हेज हॉटेलात स्थापन झालेली. पहिलं अजिंक्यपद १८८७ चं. कुठल्या निर्णयाचा पायंडा पडेल याची धास्ती अशा वयात जास्त असते. गोलफलक बघून निर्णय दिला असता तर काम सोपं होतं. त्यांनी अवघड काम केलं. ते बरोबर केलं की नाही यावर वाद घाल, पण वाद घालायचा पहिला हक्क वेक्सफर्डचा आहे. टिपेररीचा पोरगा मधे कुठून आला?

पोट्टा_महालचा

म्हातारा बरोबर बोलला राजा. पण वेक्सफर्डचे दोन गोल तं खरे होते ना? ते काय गुडघ्यानं केले? मले तं अजूनही चिटिंगच वाटू राहिली.

लकडगंज_वखार

मी खेळातलं काही सांगणार नाही, काठीचं सांगतो. वर "काठी" म्हणून सगळे पुढे गेले, पण खरी कलाकुसर तिच्यात आहे.

आमची तीन पिढ्यांची लाकडाची वखार. एका गिऱ्हाईकाने ती आयरिश काठी दाखवली होती, साधारण तीन फुटांची, टोकाला पंज्यासारखी चपटी आणि वळलेली. मी पहिलं वळण पाहिलं नाही, लाकडाची रेषा पाहिली. रेषा वळणाबरोबर वळलेली होती. म्हणजे फळीतून कापून काढलेला आकार नाही. ती अ‍ॅश नावाच्या झाडाच्या बुंध्याची, जिथे खोड मुळांकडे फाकतं तिथली काढतात. झाड नुसतं तोडून चालत नाही, बूड खणून मूळ मोकळं करावं लागतं. सरळ रेषेच्या लाकडाला वाकडा आकार दिला तर पहिल्याच जोरदार फटक्याला टोक उडेल.

आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा चालतो, पण लवचीकपणा पाहिजे असेल तर धामण. जुन्या काळी धनुष्याला आणि कावडीला धामणच घ्यायचे. अ‍ॅशचा गुण तसाच वाटला, लवते आणि परत सरळ होते, हाताला झिणझिण्या येत नाहीत. आयर्लंडमध्ये २०१२ पासून या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, झाडं वाळतायत, म्हणून काही कारागीर आता बांबूच्या काठ्या करतात असं ऐकून तर माझे कान टवकारले. बांबू म्हटलं की गडचिरोली-चंद्रपूर. मिहान, तुझ्या लीडला विचार ना कोणती वापरतो. धंद्याचं सोड, उत्सुकता आहे.

प्रश्नमंजूषा_धरमपेठ

मास्तरांचा तीन नियमांचा हिशेब चोरून ठेवतोय. "एकच गुणफलक, नियम बदलला की विजेता बदलतो, सामना ओळखा." यंदाच्या आंतरकॉलेज फेरीला पोरं रडतील.

एक भर घालतो. टिपेररीवाल्याचं पहिलं विजेतेपदही काही फार घवघवीत नव्हतं. १८८७ च्या मोसमाची फायनल झाली १ एप्रिल १८८८ ला, बर गावात. टिपेररीचा थर्ल्स विरुद्ध गॉलवेचा मीलिक. निकाल १-१ विरुद्ध शून्य. प्रवासखर्चावरून वाजलं म्हणून टिपेररीचा मूळ कर्णधार आणि काही खेळाडू आलेच नाहीत, जिम स्टेपल्टनने नेतृत्व केलं. प्रांतवार फेऱ्या तेव्हा नव्हत्या, सरसकट चिठ्ठ्या टाकायच्या, आणि मैदानात उतरलेले जिल्हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या पोराला विचारा, हे २९ मध्ये धरलंय का?

मिहान_रात्रपाळी

मंडळी, काल शिफ्टला मी निकाल वाचून दाखवला. मास्तरांचा हिशेब मांडला: वेक्सफर्ड दोन नियमांनी पुढे, कॉर्क एका नियमाने, आणि तरी विजेतेपद कॉर्कचं, कारण सामना अपुरा आणि निर्णय समितीचा. तीसच मोजायचे.

लीड खूश व्हायला पाहिजे होता, पण नऊ-आठ वापरायचं नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. इतकी वर्षं तो तेच सांगत आलाय. टिपेररीवाल्याने १८८७ च्या मुद्द्यावर "आवाज कट होतोय" म्हणून कॅमेरा बंद केला. पैजेचा निकाल मी राखून ठेवलाय, कारण हरलं कोण हेच दोघांना मान्य नाही.

@लकडगंज_वखार, लीड म्हणतो तो अजून अ‍ॅशचीच वापरतो. त्याच्या पुतणीकडे बांबूची आहे आणि तिची टिकते जास्त.

आता दोन उपप्रश्न. यादीत १८८८ समोर विजेताच नाही. का? पाऊस? मारामारी? आणि दुसरं, वेक्सफर्डला नंतर कधी मिळालं की नाही? पोट्टाभाऊने फार मनावर घेतलंय.

पोट्टा_महालचा

हो घेतलं ना. सांगा मास्तर.

निवृत्त_शिट्टी

१८८८ ला ना पाऊस ना मारामारी. असोसिएशनने ऐन मोसमात पन्नासेक खेळाडूंचा जथा अमेरिकेला नेला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावोगावी हर्लिंग आणि मैदानी खेळांची प्रात्यक्षिकं करायची, वर्गणी जमवायची आणि त्या पैशातून प्राचीन टेल्टिन क्रीडामहोत्सव पुन्हा सुरू करायचा असा बेत. पैसे जमले नाहीत, उलट कर्ज झालं, आणि बरेच खेळाडू परत आलेच नाहीत, तिकडेच राहिले. इकडे अजिंक्यपद जे थांबलं ते पूर्ण झालंच नाही. प्रांतवार फेऱ्या त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू झाल्या होत्या. मन्स्टर प्रांतातून कॉर्क पुढे आलं होतं, लेन्स्टर प्रांतातून किलकेनी, पुढे काही नाही. गंमत अशी की कॉर्क हे १८८८ आपल्या तीसमध्ये धरत नाही. लीडला हे मुद्दाम सांग, त्याच्या बाजूने आहे.

१८८९ ला मात्र डब्लिनने क्लेअरला ५-१ विरुद्ध १-६ असं नीट हरवलं. त्यात कुठलाही नियम लाव, भांडायला जागा नाही.

वेक्सफर्डचं ऐक, पोट्ट्या. पुढच्याच मोसमात, १८९१ ला, ते पुन्हा फायनलला. समोर केरी, त्यांचा बॅलीडफ क्लब. सामना झाला २८ फेब्रुवारी १८९२ ला, त्याच क्लोनटर्क पार्कात. वेळ संपली तेव्हा बरोबरी, जादा वेळ खेळवला, आणि केरीने २-३ विरुद्ध १-५ असं घेतलं. केरी म्हणजे फुटबॉलचा बालेकिल्ला, हर्लिंगचं अजिंक्यपद त्यांनी आयुष्यात एकदाच जिंकलं, ते हे. वेक्सफर्डच्या नशिबी तेच यायचं होतं. आणि हो, दोन गोलांचा संघ या वेळी समोर होता, त्यामुळे तक्रारीलाही वाव नाही.

त्यानंतर एकवीसचे सतरा खेळाडू झाले, गोलची किंमत पाचावरून तीनावर आली, मैदानाच्या दोन्ही टोकांना गोलखांबांच्या बाजूला पॉइंटसाठी जे वेगळे खांब असायचे ते १९१० ला गेले आणि आजचा एच आकाराचा खांब आला. वेक्सफर्डचं पहिलं अजिंक्यपद त्याच १९१० चं. फायनलला समोर लिमरिक, निकाल ७-० विरुद्ध ६-२. सात गोल आणि एकही पॉइंट नाही! जिंकले ते एका गुणाने, एकवीस-वीस. पाचाच्या नियमाने पस्तीस-बत्तीस. गोलच मोजले तर सात-सहा. तिन्ही हिशेबांनी वेक्सफर्डच, आणि सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत झालेला.